सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला, पण तुम्ही अर्धवट सोडलेला गेम कोणता?

अर्धविराम
परवा माझी गेमची लायब्ररी वरपासून खालपर्यंत चाळली. निम्म्याहून जास्त गेम अर्धवट पडलेत. त्यात असेही आहेत की त्यांचं नाव निघालं की मी 'वा, काय गेम आहे!' म्हणून मोकळा होतो आणि कुणी शेवटाबद्दल बोलायला लागलं की गप्प बसतो. म्हटलं, इथे तरी खरं बोलावं.

पहिला 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८). दोनदा सुरू केला, दोन्ही वेळा तिसऱ्या प्रकरणात सोडला. देखावे, पाऊस, उजेड, सगळं मान्य. पण कपाट उघडायचं तर आपला डाकू नायक आर्थर त्याच्यापाशी जाणार, दार उघडणार, एकेक डबा उचलून पिशवीत टाकणार. आपण बघत बसायचं. टोळीच्या तळावर आलो की पळताही येत नाही. मला रात्री जेमतेम तासभर मिळतो आणि त्यातला बराचसा घोड्यावरून मोहिमेच्या जागी पोचण्यात जातो.

दुसरा 'द विचर ३' (२०१५). ब्लडी बॅरनची कथा मी आजवर खेळलेल्या सगळ्या कथांच्या वर ठेवीन. बायकोला मारणारा दारुडा माणूस, त्याचा राग येतो आणि थोड्या वेळाने त्याच्या शेजारी बसून त्याचं ऐकावंसंही वाटतं. ती संपली, नोव्हिग्राड शहरात पोचलो, आणि एकाला शोधायचं तर आधी दुसऱ्याचं काम, त्या दुसऱ्यासाठी तिसऱ्याचं, असं सुरू झालं. तिथून पुढे गेलोच नाही.

उलट 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) केवळ लहान आहे म्हणून घेतला होता. लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला, दोनच रंगांत काढलेला. १८०७ साली एक हरवलेलं जहाज रिकामं परत येतं. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं, कोण कुणाच्या हातून मेलं, हे वहीत भरायचं. हातात एक घड्याळ, त्याने मरणाचा क्षण गोठवून त्यात फिरता येतं. एका दृश्यात खलाशी आपापल्या झोळीत झोपलेत आणि प्रत्येक झोळीला एक आकडा टांगलाय. त्याच्याजवळून मी चार-पाच वेळा गेलो होतो. सहाव्यांदा लक्षात आलं की वहीत खलाशांची यादी आहे आणि तिलाही अनुक्रमांक आहेत. खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तीन दिवसांत गेम संपवला.

माझं मत असं झालंय की गेम लहान असो की मोठा, त्याने माझ्या वेळेची किंमत ठेवली पाहिजे. तुमचं काय? आणि लोक काय म्हणतील याचा विचार न करता लिहा.

शून्यप्रहर
नोव्हिग्राडबद्दल +१. मीही तिथूनच परतलो.

कोजागरी
रेड डेडबद्दल ठामपणे असहमत. तुम्ही ज्याला वेळ घालवणं म्हणताय, त्यातच तो गेम आहे. हरणाची शिकार केली, कातडं सोललं, ते उचलून घोड्यावर टाकलं आणि संध्याकाळी तळावर आणून दिलं. यातला वेळ काढून टाकला तर शिकार म्हणजे एक बटण आणि पिशवीतला एक आकडा. त्या संथपणामुळेच तळावरची माणसं मला माणसं वाटली. रात्री शेकोटीपाशी नुसती उभी राहिले तरी कुणीतरी जुनी गोष्ट सांगत असतं, कुणी गात असतं, आणि मोहिमेतून परत आल्यावर आर्थरला लोक त्याबद्दल विचारतात.

माझा पहिला घोडा एका चकमकीत मेला. मी तो दर दिवशी खरारा करून चकचकीत ठेवत असे. पाठीवरचं खोगीर काढून हातात घेतलं आणि चालत निघाले, बराच वेळ दुसरा घोडा मिळाला नाही. त्या रात्री मोहीम वगैरे काही केली नाही. बाकी कुठल्याही गेममध्ये वाहन गेलं म्हणून मी थांबलेली नाही.

तुमच्याकडे तासच असेल तर त्या तासात मोहीम संपवायची घाई करू नका, एवढंच सांगेन.

खटपट्या
मी 'डार्क सोल्स' (२०११) कंपूतला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. लोक म्हणतात हा गेम छळतो. मला उलट वाटतं, याच्याइतका सरळ गेम क्वचित असतो. तुम्ही मेलात तर चूक बहुतेक वेळा तुमचीच, आणि ती काय झाली ते दिसतं.

ऑर्नस्टीन आणि स्मॉव या दोन शत्रूंची जोडगोळी ज्यांनी खेळलीय त्यांना सांगायला नको. एक भालेवाला, झपकन अंगावर येणारा. दुसरा अवाढव्य, हातात हातोडा. एकाकडे बघावं तर दुसरा पाठीत. पहिल्या दहा वेळा मी दोघांशी लढत होतो. मग खांबांकडे लक्ष गेलं. खांब मध्ये ठेवला की जाडा अडकतो आणि बारका एकटाच पुढे येतो. एकाला मारलं की दुसरा त्याची शक्ती शोषून पुन्हा पूर्ण ताकदीनिशी उभा राहतो, तेव्हा खरं रडू येतं. चाळीसेक खेपा लागल्या असतील. शेवटच्या खेपेला हात थरथरत होते आणि डोकं अगदी शांत होतं.

आता अर्धवट सोडलेला: 'एल्डन रिंग' (२०२२). त्याच घराण्यातला आणि जगभर डोक्यावर घेतलेला. सुरुवातीचे ३० तास अप्रतिम. मग एकाच छापाची भुयारं, आणि तळाशी आधी मारलेलाच बॉस (मोठा शत्रू), कधी तर दोन-दोन. जागा भरायची म्हणून भरली असं वाटलं. अर्धविराम यांच्या वेळेच्या मुद्द्याला माझं अनुमोदन इथे.

निळावंती_नव्हे
'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७). चांगली तलवार मिळवायची आणि चार शत्रूंत तिचे तुकडे व्हायचे. वैताग आला. सोडला.

पाणकोंबडा
@निळावंती_नव्हे, तलवार तुटते म्हणून तर माणूस इकडेतिकडे बघायला लागतो. वादळात अंगावर धातूची वस्तू असेल तर वीज पडते ना? मी तुटायला आलेली तलवार शत्रूंच्या घोळक्यात फेकली, आणि वीज त्यांच्यावर पडली. धडधाकट तलवार हातात असती तर हे सुचलंच नसतं. पण चांगलं हत्यार 'पुढे लागेल' म्हणून राखून ठेवत शेवटपर्यंत न वापरण्याची सवय मलाही लागली होती, तेवढं तुमचं खरं.

मृण्मयी
खटपट्या, तुमचा प्रतिसाद वाचताना ती लढाई डोळ्यांसमोर उभी राहिली. पण 'चूक तुमचीच' हे वाक्य मला खटकलं. सगळ्यांची बोटं सारखी नसतात.

माझ्या मोठ्या बहिणीला संधिवात आहे. लहानपणी आम्ही दोघी एकाच कीबोर्डवर खेळायचो आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी चपळ होती. बोटं आखडायला लागल्यावर तिने खेळणं सोडलं, त्याबद्दल बोलणंही सोडलं. दोन वर्षांपूर्वी मी तिला 'सेलेस्ट' (२०१८) लावून दिला. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते एवढीच गोष्ट. गेम भयंकर अवघड आहे, पण त्यात असिस्ट मोड आहे. वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करत निम्म्यापर्यंत आणता येतो, चढताना दम संपणार नाही असं करता येतं, हवेत जादा झेप घेता येते. गेम त्याबद्दल टोमणा मारत नाही की बक्षीस कापत नाही.

ताईने वेग ७० टक्क्यांवर ठेवला, बाकी काहीही चालू केलं नाही. शिखराच्या आधीच्या टप्प्यात प्रत्येक झेंड्यावर आकडा असतो, तो उतरत जातो. ती रोज थोडी खेळायची आणि मला फक्त आकडा कळवायची. 'आज १९.' 'आज १९च.' 'आज ११.' शेवटच्या दिवशी तिने आकडा पाठवला नाही, फोन केला.

म्हणून माझ्या मते त्या गेमचे खरे मानकरी हे पर्याय घालणारे लोक आहेत. 'द लास्ट ऑफ अस भाग २' (२०२०) मध्ये असे ६० हून अधिक पर्याय दिलेत. दृष्टी नसलेल्या लोकांनी तो गेम शेवटपर्यंत खेळलाय. ज्यांना ते नकोत त्यांनी बंद ठेवावेत.

खटपट्या
मृण्मयी, 'चूक तुमचीच' हे मी माझ्या हातांपुरतं बोललो, सगळ्यांना लावायला नको होतं. बहिणीचे आकडे वाचून फार बरं वाटलं. तो टप्पा मी पूर्ण वेगात खेळलोय आणि कमी वेगातही तो सोपा नाही हे मला माहीत आहे.

एका मुद्द्यावर मात्र अजून अडून आहे. 'डार्क सोल्स'मध्येही मदत आहे, फक्त ती मेनूत न देता जगात ठेवलीय. दुसऱ्या खेळाडूला हाक मारून बोलावता येतं, लांबून जादू वापरता येते, मोठी ढाल घेता येते. मला तो मार्ग जास्त आवडतो. तो सर्वांना पुरतो असं मात्र म्हणणार नाही.

जुना_जाणता
वय ६८. नातवंडं मला खेळताना बघून चकित होतात, पण मी त्यांच्या आईबापांच्याही आधीपासून खेळतोय.

माझा गेम 'टेट्रिस'. मॉस्कोत संगणकावर काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये केला. सात आकार, बस. आजही रोज अर्धा तास खेळतो. नव्या आवृत्त्यांत साती आकार एका पिशवीत घालून एकेक काढावेत तसे येतात, त्यामुळे लांब काठीची वाट बेसुमार बघावी लागत नाही. जुन्यात ती कितीही वेळ यायची नाही. मला जुनाच आवडतो, कारण काठी येईलच असं गृहीत धरून रचना करता येत नाही.

दुसरा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९). जॉर्डन मेक्नर यांनी धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. पडद्यावर तो खरंच जड वाटायचा. पळता पळता थांबवला तर दोन पावलं पुढे घसरायचा. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत खळग्याच्या कडेशी न्यायचा, श्वास रोखून उडी मारायची. सगळ्या गेमला ६० मिनिटं. अर्धविराम, वेळेची किंमत म्हणताय ना, तिथे घड्याळच लावलेलं होतं.

नव्या गेमबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. पहिला अर्धा तास ते मला शिकवतच असतात. हे दाबा, तिकडे बघा, शाब्बास. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) चा पहिला पडदा आठवा. उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे उजवीकडे जायचं. समोरून एक प्राणी येतो, त्याला धडकलात तर मरता, म्हणजे उडी मारायची. ठोकळ्यातून अळंबी निघते, नळाला आपटून तुमच्याकडेच परत येते, चुकवू म्हटलं तरी चुकत नाही, आणि तुम्ही मोठे होता. एक अक्षर न लिहिता सगळं शिकवलं.

पाणकोंबडा
जुना_जाणता, 'अळंबी नळाला आपटून परत येते' हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत्ता लावून बघितलं. खरंच येते!

भिंगरी
मी मोबाइलवर खेळणारी, त्यामुळे इथे लिहू की नको असं वाटत होतं. अर्धवट सोडलेला नाही, ज्यातून स्वतःला सोडवावं लागलं असा गेम सांगते. नाव घेत नाही.

रोज हजेरी लावली की बक्षीस. २८ दिवस सलग लावली की मोठं बक्षीस. एक दिवस चुकला की मोजणी पहिल्यापासून. सुरुवातीला पाच मिनिटांचं काम होतं. वर्षभराने रात्री बारा वाजायच्या आत तीन वेगवेगळ्या याद्या पूर्ण करायला मी गजर लावत होते. बाबांना दवाखान्यात दाखल केलं त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी ती यादी पूर्ण केली. घरी आल्यावर आठवायचा प्रयत्न केला की आज खेळताना काय झालं, तर काहीच आठवेना. कुठलं दृश्य नाही, कुठला शत्रू नाही. त्याच रात्री काढून टाकला.

तुम्ही सगळे जे लिहिताय, घोडा, झोळीवरचा आकडा, तसं त्या वर्षभरातलं माझ्याकडे एकही नाही. याचंच सर्वात वाईट वाटतं.

कोजागरी
भिंगरी, बरं झालं लिहिलंत. बाबा आता कसे आहेत?

भिंगरी
ठणठणीत! धन्यवाद. :)

दशांशचिन्ह
भिंगरी यांच्या मुद्द्याला जोडून थोडं गणित. सोडत पद्धतीच्या गेममध्ये (चिठ्ठी काढावी तशी नशिबाने पात्रं मिळतात त्या) शक्यतांचे आकडे बहुधा लिहिलेले असतात, पण ते वाचून अंदाज येत नाही. 'गेन्शिन इम्पॅक्ट' (२०२०) घ्या. हा गेम मी खेळतो आणि त्यातलं भटकणं, डोंगर चढणं, संगीत मला मनापासून आवडतं. विशेष सोडतीत पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता दर खेपेला ०.६ टक्के, आणि ९० व्या खेपेपर्यंत एक पंचतारांकित नक्की. आता ५० खेपा केल्या तर? १ मधून ०.९९४ चा ५० वा घात वजा करा, उत्तर साधारण २६ टक्के. म्हणजे ५० खेपा करणाऱ्या चौघांपैकी जवळपास तिघं पंचतारांकिताशिवाय उठतात. मी हा हिशेब एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय.

बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणाऱ्या गेममधल्या पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. माझ्या मते योग्य केलं.

शून्यप्रहर
एक वेगळा मुद्दा. गेम कुठल्या वर्षी खेळलात तेही लिहा, कारण गेम बदलतात. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा १८ वर अठरा शून्यांइतके ग्रह होते आणि करण्यासारखं फारच थोडं. २०१८ च्या मोठ्या अपडेटनंतर मित्रांबरोबर नीट खेळता यायला लागलं; तळ त्याआधीच आले होते, पुढेही काय काय येत गेलं. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला आणि काही दिवसांत सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. २०२३ च्या २.० अपडेटनंतर खेळणाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, कुठल्या गेमबद्दल बोलताय?

मी दोन्ही उशिरा खेळलो आणि दोन्ही आवडले. पण पहिल्या दिवशी घेणाऱ्यांचा राग रास्त होता. नंतर दुरुस्त केलं म्हणून तो पुसला जाऊ नये.

सुलभा_म
आमच्याकडे मी खेळणारी, नवरा अजिबात नाही. 'इट टेक्स टू' (२०२१) दोघांशिवाय खेळताच येत नाही म्हणून त्याला बसवला. पहिला तासभर त्याचं पात्र जमिनीकडे बघत चालत होतं. एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने बघायचं, हे मला श्वास घेण्याइतकं सवयीचं झालंय, त्याला ते मुळात माहीतच नव्हतं. मी दोनदा 'आण इकडे' म्हणून कंट्रोलर मागितला. त्याने दिला नाही, आणि बरं झालं.

एका भागात एकाकडे खिळे आणि दुसऱ्याकडे हातोडा असतो. त्याने खिळा भिंतीत मारायचा, मी हातोडा त्याला अडकवून झोका घ्यायचा. त्याचा खिळा नेमका बसला, मी पलीकडे गेले, आणि तो इतक्या जोरात ओरडला की मुलगी उठून आली.

नावडतं काय, तर खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग. ती गयावया करत असते आणि तिला ओढत न्यायचं काम आपल्याच हातून करवून घेतात. आम्ही दोघांनी कंट्रोलर खाली ठेवले. मग पुढे जायला दुसरा मार्ग नाही म्हणून केलं. आजही वाटतं की तो प्रसंग नको होता.

खटपट्या
हत्तिणीबद्दल शंभर टक्के सहमत.

अर्धविराम
पंधरा दिवसांनी येतोय, उत्तरं सगळी वाचली होती. कोजागरी यांच्या प्रतिसादामुळे रेड डेड तिसऱ्यांदा लावला, नव्याने. या वेळी ठरवलं की मोहीम पूर्ण करायचीच असं नाही. एका रात्री फक्त नदीकाठाने गेलो. एका रात्री पाऊस लागला म्हणून तळावरच थांबलो, तर शेकोटीपाशी दोघांचं भांडण ऐकायला मिळालं, त्याचा संदर्भ पुढे दोन दिवसांनी लागला. काल चौथ्या प्रकरणात सेंट डेनिसला पोचलो. इथवर पहिल्यांदाच आलोय.

एक तक्रार आता जास्त ठामपणे करतो. एवढं मोकळं जग दिलं, पण मोहीम सुरू झाली की जरा आडवाटेने गेलं तरी 'मोहीम फसली'. बाहेर मला विचार करायला लावतात आणि आत एका दोरीवरून चालवतात.

भिंगरी, तुमचा प्रतिसाद वाचून मी वेळेची किंमत कशाने मोजतो ते बदललं. तासांऐवजी आता दुसऱ्या दिवशी काय आठवतं ते बघतो.

कोजागरी
घोड्याचं नाव काय ठेवलंत?

अर्धविराम
आधीच्या दोन्ही वेळा ठेवलंच नव्हतं. या वेळी ढग्या. करडा आहे.

जुना_जाणता
अर्धविराम, तुमच्या सांगण्यावरून ते जहाज घेतलं. वही समोर ठेवलीय आणि चष्मा बदललाय. आत्तापर्यंत नऊ जण ठरले. तीन बरोबर आल्यावर वही एकदम छापील होते तेव्हा गंमत वाटते. पण झोळ्यांचा आकडा तुम्ही धाग्यात आधीच सांगून टाकलात, त्याबद्दल थोडा रागावलोय. आता डोलकाठीवर चढणाऱ्यांपाशी अडलोय. चेहरे सगळे सारखेच दिसतात.

अर्धविराम
झोळ्यांबद्दल खरंच माफ करा, तिथे धोक्याची सूचना द्यायला हवी होती. पुढचं तुमच्या परवानगीनेच सांगेन. फक्त एवढंच: चेहरे सोडा, पायांकडे बघा.

जुना_जाणता
थांबा, पुढे काही सांगू नका. बघून येतो.